कापडावरून मोजलेली नाडी

"आधी हे टाक. मग बोटं ठेव."

माईंनी माझ्या हातात मलमलीचं कापड दिलं. दिलं म्हणजे वरून सोडलं. मी झेललं. पांढरंशुभ्र, धुतलेलं, दुहेरी घडी घातलेलं.

"कशावर टाकू?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"तिच्या मनगटावर. नाडी कापडावरून बघायची. आमच्याकडे शिवाशिव चालत नाही. सून स्वयंपाकघरात वावरते, देवाचं करते. तुझा दोष नाही गं त्यात. घरची रीत आहे."

दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यावरून त्यांना नीट उमगेना. मग विचारलं, "मूळ गाव?"

"चऱ्होलीच्या अलीकडे."

"गावात की गावाबाहेर?"

मी म्हणाले, "गावाबाहेर." खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही. आणि त्या उठून आत गेल्या, त्या हे कापड घेऊनच बाहेर आल्या.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. अंगावर पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, छातीला उलटं अडकवलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. आमच्या वस्तीतली मी पहिली नर्स. पिंपरीत रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची वस्ती. बाप एका कारखान्यात भट्टीवर कामाला. आई कंपनीच्या कॉलनीत झाडलोट करायची. मी मॅट्रिक झाले, दोन वर्षांचं नर्सिंग केलं आणि चिंचवडला एका खाजगी दवाखान्यात लागले. मला वाटायचं, या गणवेशावर कोणी आडनाव वाचत नाही.

कायदा होता. शिवाशिव हा गुन्हा आहे, हे मला शाळेत शिकवलं होतं. पाठ होतं. त्या हॉलमध्ये उभी असताना त्यातला एक शब्दही तोंडातून निघाला नाही. मी कापड घेतलं आणि आतल्या खोलीत गेले.

खोलीत मालतीबाई बसल्या होत्या. माईंच्या सूनबाई. वय छत्तीस-सदतीस. त्यांचे यजमान, म्हणजे साहेब, कारखानदार. मशीनचे सुटे भाग बनवायचे. चिंचवड स्टेशनच्या बाजूला मोठा बंगला, दारात गाडी. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. साहेबांची परदेशी कंपनीशी बोलणी चालली होती. पाहुणे यायचे. गोरे लोक, त्यांच्या बायका. चहापान व्हायचं. त्या चहापानाला मालतीबाईंना बसवत नसत. कारण आधी त्या फार जाड होत्या.

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. हसत सांगितलं. "दारातून मी आडवी येते का उभी, यावर या घरात पैजा लागायच्या. माझ्यासमोर." साहेब त्यांना पाहुण्यांसमोर येऊ नको म्हणायचे. माई त्यांच्या ताटातली पोळी उचलून परत डब्यात ठेवायच्या. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, त्याचंही खापर जाडीवरच.

त्यांचा भाऊ अमेरिकेत इंजिनिअर होता. त्यानं तिकडे नेलं. तिथं नवीन ऑपरेशन निघालं होतं. आतडं कापून आखूड जोडायचं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत निघून जातं, वजन उतरतं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी असं ऑपरेशन कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं.

मालतीबाई परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. अख्खी कॉलनी बघायला आली. साहेब पहिल्यांदा त्यांच्या शेजारी फोटोला उभे राहिले. पण पोट दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा जायचं. केस मूठमूठ गळायचे. जिना चढताना कठडा धरायला लागायचा. तिकडच्या सर्जननं लांबलचक पत्र दिलं होतं. नाडी रोज सकाळ-संध्याकाळ पूर्ण एक मिनिट मोजा. वहीत लिहा. वेग वाढला किंवा मध्ये ठोका चुकायला लागला तर थांबू नका, रक्त तपासा, क्षार कमी झाले असतील, त्यानं हृदय बंद पडू शकतं. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी मला त्या बंगल्यावर लावलं. दवाखान्यात जायच्या आधी एकदा आणि सुटल्यावर एकदा.

पहिल्या दिवशी मी कापड टाकलं आणि बोटं ठेवली. मालतीबाई कापडाकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे. दोघींनाही लाज वाटत होती. खरं तर दोघींपैकी कुणीच काही केलं नव्हतं.

सुरुवातीला नाडी भरलेली होती. कापडावरूनही लागायची. ऑपरेशनच्या आधी त्यांचे ठोके बसल्याजागी शंभराच्या घरात असायचे, असं तिकडच्या कागदांवर होतं. एवढं मोठं शरीर, हृदयाला पळावंच लागायचं. वजन उतरलं तशी नाडीही उतरली. मी मोजायला लागले तेव्हा ब्याऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर. दोन महिन्यांत बहात्तर. साहेब वही बघून खूश. पाहुण्यांना सांगायचे, "हार्टवरचा लोड गेला बघा. नवं इंजिन झालंय."

मालतीबाई म्हणायच्या, "नवं इंजिन. ऐकलंस ना?" आणि हसायच्या. माझ्याशी त्या फार बोलायच्या. त्या घरात दुसरं कोणी त्यांचं ऐकून घेतच नव्हतं. मी नाडी मोजून झाली तरी घड्याळाकडे बघत बसायचे, म्हणजे माईंना वाटावं अजून मोजतेय. तेवढ्यात त्या बोलून घ्यायच्या. त्यांना गणित आवडायचं. कॉलेजात पहिल्या आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू पुढची परीक्षा दे. सिस्टर हो. मेट्रन हो. मी शिकवते तुला इंग्रजी." आणि खरंच शिकवायला लागल्या. त्या सर्जनचं पत्र त्यांनीच मला शब्दाशब्दानं वाचून समजावलं. त्यामुळे नाडी चुकली तर काय होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

पावसाळा संपता संपता त्या खंगल्या. मनगट बारीक झालं. कापडाखाली नाडी लागेना. लागली तरी धाग्यासारखी. मध्येच हरवायची. माझं बोट हललं की ठोका चुकला, मला कळेना. मी डॉक्टरांना सांगितलं.

"डॉक्टर, कापडावरून मला नीट लागत नाही. नुसत्या हातानं बघायला हवी. तुम्ही माईंना सांगा."

डॉक्टर हसले. "अगं, पूर्वी राजवैद्य राणीच्या मनगटाला दोरा बांधायचे आणि पडद्यामागून दोऱ्यावर नाडी सांगायचे. तुला साध्या मलमलीवरून जमत नाही? म्हातारीचं मन राखावं लागतं. मोठं घर आहे."

ते स्वतः बंगल्यावर यायचे तेव्हा त्यांची बोटं थेट मनगटावर असायची. पण ते पंधरा दिवसांतून एकदा यायचे.

एके दिवशी संध्याकाळी माई भजनाला गेल्या होत्या. मी कापड उघडत होते. मालतीबाईंनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पलंगाखाली टाकलं.

"बघ आता. माझा हात आहे. त्यांचा नाही."

सहा महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना हात लावला. हात थंडगार होता. ओलसर. मी बोटं ठेवली. ठोका. ठोका. ठोका. मग काहीच नाही. मग दोन घाईघाईत. मग परत काही नाही. मी पूर्ण मिनिट मोजलं. परत मोजलं. एकशे बारा. त्यात नऊ वेळा गेलेला ठोका.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "मला वाटलंच. छातीत पाखरू अडकल्यासारखं होतंय चार दिवस. लिही. जसं आहे तसं लिही."

मी लिहिलं. आकडा लिहिला, चुकलेले ठोके लिहिले आणि खाली रेघ मारली.

साहेब आले तेव्हा मी वही त्यांच्यासमोर धरली. "साहेब, आजच रक्त तपासायला हवं. पत्रात लिहिलंय." त्यांनी वही वाचली. तेवढ्यात माई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कापड कुठंय?"

त्यांनी आत जाऊन पलंगाखाली बघितलं. मग सुनेला म्हणाल्या, "ऊठ. डोक्यावरून आंघोळ कर."

मालतीबाईंना उभं राहवत नव्हतं. मोलकरणीनं धरून न्हाणीघरात नेलं. बंब विझलेला होता. गार पाणी. मी हॉलमध्ये उभी. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या. दुसरा. त्यांचा आवाज आला नाही. पाण्याचाच येत राहिला. साहेब पेपर उघडून बसले होते. मी उभी होते. पुढे व्हावं, दार ढकलावं, त्या बाईला पंच्यानं पुसावं, यातलं काहीही मी केलं नाही.

मग साहेबांनी वहीतलं ते पान फाडलं. फार शांतपणे. "उद्या परवा तिचा भाऊ फोन करेल, त्याला वही वाचून दाखवायची असते. उगाच तिकडे घबराट नको. आठवड्याभरात पाहुणे येतायत. तू घाबरलीस आणि तुझी मोजणी चुकली. उद्यापासून नीट मोज. आणि आई सांगेल तशी मोज."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "साहेबांचा फोन होता. असं केलंस तर दुसरी नर्स बघावी लागेल. रक्त बघू पुढच्या आठवड्यात."

घरी मी आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आजारी बाईला गार पान्यानं आंगूळ घातली? तू शिवलीस म्हून?"

"हो."

"आन् तू काय केलंस?"

"उभी होते."

आईनं भाकरी उलटली. मला वाटत होतं तिनं शिवी द्यावी. त्यांना नाही तर मला.

त्यानंतर पाच दिवस मी कापडावरून नाडी मोजली. मोजली असं म्हणते. बोटाखाली काही लागत नव्हतं. जे अधूनमधून लागायचं ते माझ्याच बोटातलं आहे का त्यांचं, कळायचं नाही. वहीत मी लिहिलं, चौऱ्याऐंशी, नियमित. शहाऐंशी, नियमित. ब्याऐंशी, नियमित. अक्षर सुंदर आलं होतं. मालतीबाई एकदाही माझ्यावर चिडल्या नाहीत. इंग्रजीचा धडा मात्र बंद झाला. म्हणायच्या, "आज दमलेय गं. उद्या." तिसऱ्या दिवशी त्यांनी वही बघायला मागितली. बघितली. परत दिली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नोकरी सांभाळ." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेच मला आजवर सोसत नाही.

सहाव्या दिवशी दुपारी चारला पाहुण्यांचा चहा होता. त्यासाठी मला लवकर बोलावलं. मी पोहोचले तेव्हा मालतीबाईंना निळी रेशमी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. ओठांना रंग. रंगाखाली ओठ काळसर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला.

"पाखरू," एवढंच म्हणाल्या.

माईंनी कापड पुढे केलं.

मी घेतलं नाही. हात मागे घेतला. कापड खाली पडलं.

"उचल," माई म्हणाल्या.

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. मी हात लावणार. नंतर घर धुऊन काढा."

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी मालतीबाईंचं मनगट धरलं. नाडी मोजण्यापलीकडे गेली होती. नुसती थरथर होती, आणि मध्ये मोठ्या मोकळ्या जागा. मी साहेबांना ओरडून गाडी काढायला सांगितलं. गाडी पाहुण्यांना आणायला पुण्याला गेली होती. मी रस्त्यावर धावले. कोपऱ्यावर रशीदभाईंचं गॅरेज होतं. ग्रीसच्या हातानं ते जेवत होते.

"रशीदभाई, टेम्पो काढा. बाई जातेय."

त्यांनी डबा तसाच ठेवला. दोन मिनिटांत टेम्पो दारात. त्यांनी आणि मी मिळून मालतीबाईंना उचललं. काय हलक्या झाल्या होत्या! साऱ्या घराला त्या हलक्या व्हायला हव्या होत्या. त्या दिवशी माई आडव्या आल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून म्हणत होत्या, "पाहुणे आले तर काय सांगायचं?"

साहेब पुढे रशीदभाईंशेजारी बसले. मागे मी, मालतीबाईंचं डोकं मांडीवर. पुण्याचं मोठं इस्पितळ गाठायचं होतं. कासारवाडीपर्यंत त्या शुद्धीत होत्या. मला म्हणाल्या, "मोज ना."

मी मोजत होते. मोठ्यानं मोजत होते, त्यांना ऐकू जावं म्हणून. सात, आठ, नऊ. दापोडीच्या पुलावर टेम्पो हळू झाला. पुढे बैलगाडी होती. माझ्या बोटाखाली एक ठोका आला. मी पुढच्याची वाट बघत राहिले. पूल संपला. मी तशीच वाट बघत होते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझी बोटं त्या मनगटावरून सोडवली.

तेराव्यापर्यंत माझं नाव कुणी काढलं नाही. मग डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब तिथंच बसले होते. टेबलावर वही आणि एक टाइप केलेला कागद.

"तिचा भाऊ येतोय," डॉक्टर म्हणाले. "त्याला सगळं लेखी हवंय. यावर सही कर. रोज दोन वेळा नाडी मोजली, शेवटपर्यंत नियमित होती, मृत्यू अचानक आला. खोटं काही नाही यात. वहीत तूच लिहिलंयस."

तेच तर होतं. वहीत मीच लिहिलं होतं.

मी पेन घेतलं. तो कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं. शेवटच्या पाच दिवसांचे आकडे खोटे आहेत. ते मी लिहिले. नाडी मला लागत नव्हती, कारण मला नुसत्या हातानं बघू दिली नाही. त्याच्या आदल्या दिवशी मी खरी नाडी लिहिली होती, एकशे बारा, नऊ ठोके चुकलेले. ते पान साहेबांनी फाडलं. बाईंना गार पाण्यानं आंघोळ घातली. मी बघत उभी राहिले.

खाली सही केली. संपूर्ण नाव, आडनावासकट.

साहेब उठले. "तुला कळतंय का तू काय करतेयस? यात तू पण अडकशील."

"हो. मी पण आहे त्यात."

कागद मी त्यांना दिला नाही. घेऊन आले. त्याच दिवशी नोकरी गेली. भाऊ आला तेव्हा पत्ता शोधत मीच त्याच्या लॉजवर गेले. त्यानं कागद वाचला. चष्मा काढून परत वाचला. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा साहेबांना कोर्टात खेचेन म्हणेल. त्यानं फक्त विचारलं,

"ताई, तुम्ही त्याच दिवशी मला तार का नाही केली?"

माझ्याकडे त्याचा पत्ता होता. मालतीबाईंनीच धड्यासाठी तो मला इंग्रजीत लिहायला लावला होता.

त्यानं केस केली नाही. आठवड्यात परत गेला. साहेबांचा परदेशी करार झाला. बंगल्यावर मजला चढला. डॉक्टरांचा दवाखाना मोठा झाला. मला दोन वर्षं चिंचवड-पिंपरीत कुठल्या खाजगी दवाखान्यानं उभं केलं नाही. शेवटी नगरपालिकेच्या दवाखान्यात लागले.

लोक म्हणतात, तू शेवटी बोललीस ना, मोठं धाडस केलंस. मला ते ऐकवत नाही. मी बोलले तेव्हा बाईला वाचवायला उशीर झाला होता. अपमान गिळला तर आपलंच पोट जळतं, असं मी समजत होते. तसं नाही. मी गिळला आणि दुसरीच बाई मेली. त्या घरानं तिला आधी जाड म्हणून मारलं, मग रीत म्हणून मारलं. आणि पाच दिवस त्या मारण्याची नोंद सुंदर अक्षरात मी ठेवली.

आता माझ्या हाताखाली नव्या मुली येतात. कुणाचं आडनाव काय, मी विचारत नाही. पहिल्याच दिवशी त्यांना ही हकिगत सांगते, माझ्या पाच दिवसांसकट. काहीजणी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. बघू देत.

ते पाच दिवस माझे आहेत. माझा गुन्हा मी माझ्या तोंडानं सांगते. पान फाडणाऱ्यानं त्याचा सांगावा. पाणी ओतायला लावणारीनं तिचा. दोरा बांधणाऱ्या राजवैद्याच्या गोष्टी सांगणाऱ्यानं त्याचा. ते सांगणार नाहीत. म्हणून त्यांचाही मीच सांगणार. जिथं उभी राहीन तिथं सांगणार. आता मला कोणी उभं केलं नाही तरी चालेल.